आजीच्या वहीतला गोडा मसाला ग्रॅममध्ये आणताना: प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

सुरुवात कशी झाली ते आधीच लिहून ठेवते. दादाचा मेसेज आला, चुलतभाऊ, न्यू जर्सीत एडिसनला असतो. वहिनीने तिकडच्या दुकानातला पाकिटातला गोडा मसाला घालून आमटी केली आणि म्हणे आजीच्या आमटीसारखी लागतच नाही, तुझ्याकडे वही आहे ना, मग मसाला नीट ग्रॅममध्ये करून पाठव, इकडे वजनकाटा आहे. मी म्हणलं त्यात काय, एका रविवारचं काम.

वही म्हणजे लाल कापडाची दोऱ्याने शिवलेली चोपडी. पहिल्या पानावर श्री, त्याखाली चैत्र शके १८७५, म्हणजे १९५३ साल. पुढून पाककृती आणि उलटी धरली की मागून वाण्याची उधारी. मसाल्याचं पान कुठलं ते शोधावंच लागत नाही, हळदीने आणि तेलाने ते जवळजवळ पारदर्शक झालंय. जसंच्या तसं उतरवते:

"धने १ शेर. जिरे १ छटाक. तीळ १ कोळवे. खोबरे २ वाट्या. खसखस २ तोळे. दालचिनी २ रुपयाभार. लवंग १ रुपयाभार, मिरे, शहाजिरे तितकेच. दगडफूल १ मूठ. तमालपत्र मूठभर. नाकेशर दोन आण्याचे. जायपत्री आण्याची. हळकुंडे ३. हिंग सुपारीएवढा. सर्व तळून कांडणे."

संपलं. किती तेल, कुठलं आधी, किती वेळ, काही नाही. शेवटच्या तीन शब्दांत अख्खा दिवस बसवलाय बाईने. खसखशीच्या ओळीला मात्र नंतर वेगळ्या शाईने काट मारून "१ तोळा पुरे" केलंय, महाग झाली असणार.

१२ जानेवारी

एक्सेल उघडलं. जुना तोळा ११.६६ ग्रॅम, सोनार हल्ली म्हणतात तो १० ग्रॅमचा नव्हे. रुपयाभार म्हणजे जुन्या चांदीच्या रुपयाचं वजन, तेही एक तोळाच. छटाक म्हणजे ५ तोळे, ५८ ग्रॅम. शेर ८० तोळ्यांचा, ९३३ ग्रॅम. आहे काय नि नाही काय! कोळवं तेवढं अडलं, आईला विचारलं तर म्हणाली चिपट्याच्या निम्मं, पण चिपटं केवढं ते तिलाही हाताने हवेत दाखवता आलं फक्त. तिळाला अंदाजे घेतलं. आण्याच्या दोन ओळींपुढे प्रश्नचिन्ह टाकलंय. दोन आण्याचं नाकेशर! आज दोन आण्यात वाणी नाकेशराचा वाससुद्धा देणार नाही.

१९ जानेवारी

पहिला घाणा, निम्म्या मापाने. धने ४६६ ग्रॅम, बाकी सगळं त्या हिशेबात. रविवार पेठेतून सामान आणलं होतं. सकाळी नऊला बसले, दीडपर्यंत भाजत तळत होते, घरभर वास, नवरा दोनदा खिडक्या उघडून गेला. मिक्सरमधून काढल्यावर रंग बघूनच शंका आली होती, हिरवट मातकट, आणि गोडा मसाला तर चांगला काळपट तपकिरी हवा. आमटी केली. आईने एक भुरका मारला आणि वाटी खाली ठेवून म्हणाली, "हा गोडा मसाला नाही, ही धनेपूड आहे. महागाची."

साडेसहाशे ग्रॅम झालीय ही महागाची धनेपूड. टाकवणार नाही, आता दोन महिने प्रत्येक भाजीत जाणार.

आईचं म्हणणं, सासूबाईंनी वहीत मुद्दामच चुकीचं लिहिलंय, सुनांना कळू नये म्हणून. मला काही ते पटलं नाही. पण ती गंमतीने म्हणतेय असंही वाटलं नाही.

२६ जानेवारी

वाईला आत्याला फोन लावला. आत्या ७९ वर्षांची आहे, कानाने थोडी कमी, बाकी खणखणीत. मी सगळं मोठमोठ्याने वाचून दाखवलं. शेर म्हणजे ९३३ ग्रॅम घेतले म्हणताच पलीकडून हसण्याचा आवाज.

"अगं बाई, तो मापाचा शेर! तोलाचा नव्हे!"

म्हणजे प्रकार असा की शेर दोन. एक तागडीतला, ८० तोळ्यांचा. दुसरा मापाचा, म्हणजे भांडं भरून. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. गव्हाचं ठीक आहे, पण धने म्हणजे पोकळ फुगलेले दाणे, भांडं भरलं तरी वजनाला काहीच नाही. मी एक शेर भांड्याच्या जागी एक शेर तागडी घेतली आणि धने अडीच-तीन पट घातले. सगळा घोळ एवढाच होता. आजीवर सुना फसवल्याचा आरोप झाला तो आईने मागे घेतलेला नाही पण निदान ती गप्प आहे.

मी विचारलं मग जिरे छटाक आणि खसखस तोळ्यात, ती का नाही मापात? आत्या म्हणाली, घरचं ते मापाने आणि दुकानचं ते तोलाने. धने-तीळ शेतातले, कणगीतून नाहीतर डब्यातून मापट्याने काढायचे. जिरे-लवंगा वाण्याकडच्या, तो तागडीत घालणार. इतकी साधी गोष्ट, आणि मी एक्सेलमध्ये दोन्ही एकाच कॉलममध्ये टाकून बसले होते.

९ फेब्रुवारी

वाईला जाऊन आले. आत्याच्या पोटमाळ्यावर मापटं आणि चिपटं दोन्ही निघाली, पितळी, मापट्याच्या बुडाला चेपलंय. चिंच लावून घासली. आत्याच्या स्वयंपाकघरातच पाणी ओतून मोजमाप केलं: मापटं ४५५ मिली, चिपटं २२६. सत्तर वर्षांपूर्वीची भांडी आणि दोघांत निम्मं-निम्मं इतकं बरोबर जुळतंय, माझ्याकडच्या स्टीलच्या सहा वाट्या मोजल्या होत्या तर ११० पासून १८० पर्यंत हव्या त्या मापाच्या. "एक वाटी तांदूळ" लिहिणाऱ्या सगळ्यांना, माझ्यासकट, नमस्कार.

गावोगावी शेर वेगळा असायचा हेही लक्षात ठेवायला हवं, आमच्या घरचा मापाचा शेर ९१० मिलीचा, तुमच्या घरचा तेवढा असेलच असं नाही.

मापट्यात धने भरून काट्यावर ठेवले, १५० ग्रॅम. मी लिहून घेत होते तर आत्याने हातातून मापटं काढून घेतलं. "असं सपाट भरतात होय? शीग कुठाय?" माप शिगोशीग भरायचं, वर दाण्यांचा डोंगर यायला पाहिजे, सपाट माप देणाऱ्याला लोक कवडीचुंबक म्हणायचे. शीग लावून १७२ ग्रॅम झाले. म्हणजे शेराला ३४५. माझ्या ९३३ च्या जागी ३४५!

येताना वाईची हळकुंडं घेतली. परत निघताना आत्या मापटं देईल असं वाटलं होतं, तिने ते धुऊन पुसून परत वर ठेवायला लावलं.

२३ फेब्रुवारी

आज फक्त काट्याचं काम. स्वयंपाकाचा साधा ५ किलोचा काटा धने-खोबऱ्याला ठीक, पण त्यावर दोन पाकळ्या जायपत्री ठेवली तर शून्यच दाखवतो. सोनं-चांदी मोजायला वापरतात तसला ०.१ ग्रॅमचा छोटा काटा मागवला, फार महाग नसतो, आणि मसाले करणाऱ्याने घ्यावाच. लवंगा-जायपत्रीत ५ ग्रॅम इकडे तिकडे झाले की सगळा घाणा औषधी लागतो.

सुपारीएवढा हिंग: घरातल्या पाच सुपाऱ्या तोलल्या, पण हिंगाचा तेवढा खडा त्याच वजनाचा थोडाच भरणार. शेवटी सुपारी शेजारी ठेवून खडा फोडला. ६ ग्रॅम.

१३ मार्च, होळी

दुसरा घाणा शनिवारी झाला होता, आज पुरणाच्या निमित्ताने कटाच्या आमटीत पडला. पूर्ण मापाने केला, ३४५ धने. पहिल्यापेक्षा जमीन-अस्मानाचा फरक. आईने या वेळी वाटी खाली न ठेवता पुन्हा पुढे केली, आमच्याकडे हेच सर्टिफिकेट.

भाजण्याचं लिहून ठेवते कारण वहीत नाही आणि खरं काम तिथेच आहे. आधी कोरडं: तीळ तडतडेपर्यंत, मग खसखस, ती क्षणात करपते. मग खोबरं किसून मंद आचेवर, बदामी नाही तर चांगलं तांबूस तपकिरी, मसाल्याचा अर्धा रंग तिथून येतो. मग कढईत शेंगदाण्याचं तेल दोन-तीन चमचे, त्यात पहिला हिंग, फुलून पांढरट झाला की काढायचा, मग हळकुंडं. हळकुंडं आधी बत्त्याने फोडून घ्यावीत, अख्खी तळली तर मिक्सरचं पातं जातं, माझं गेलं. मग लवंग, मिरे, दालचिनी, नाकेशर, जायपत्री एकेक करून. शहाजिरे, जिरे. तमालपत्र. दगडफूल. सगळ्यात शेवटी धने, उरलेल्या तेलावर, मंद, हलवत राहायचं, आणि इथेच माणूस कंटाळतो आणि आच वाढवतो. वाढवायची नाही.

दगडफुलाबद्दल एक. ते फूल नाहीच, दगडावर आणि झाडाच्या खोडावर वाढणारी बुरशी आणि शेवाळ यांची जोडी असते ती. कच्चं हुंगलं तर धूळ. तेलात पडलं की गोड्या मसाल्याचा जो ओळखीचा वास आपण म्हणतो ना, तो तिथून सुरू होतो.

मिक्सरला लावताना तीळ आणि खोबरं एकटं फिरवू नका, तेल सुटून लगदा होतो, मूठभर भाजलेले धने बरोबर घालायचे. आणि थांबत थांबत, भांडं गरम झालं की वास उडतो.

तरी काहीतरी कमी आहे. काय ते सांगता येत नाही. आजीची आमटी भातात ओतली की आधी वास यायचा मग चव. भाताचं आळं करायचो आम्ही, मधे खड्डा, त्यात आमटी, आळं फुटून ताटात वाहिली की आजी ओरडायची. या आमटीला चव आहे, वास मागून येतो.

१३ एप्रिल

आत्या आठवडाभर आमच्याकडे आलीय. संधी साधून आज तिला डायनिंग टेबलाशी बसवलं, पुढे सगळे जिन्नस ताटलीत, आणि म्हणलं वही विसर, तुझ्या हाताने काढ. ती काढेल ते मी छोट्या काट्यावर तोलायचं, मग परत ताटलीत, असं तीनदा.

दालचिनी: २३, २२, २४ ग्रॅम. दोन रुपयाभार २३.३ होतात! लवंग १२, ११, १२. मी थक्क. लेक तर जादूचा प्रयोग बघावा तसा बघत उभा. आत्याला त्याचं काहीच नाही, तिचं लक्ष दालचिनीवर, "ही जाड साल आहे, हिला वास नाही, पातळ सुरळीची आण."

आणि मग दगडफूल: ६, १४, ९. मी म्हणलं आत्या हे कसं? तर म्हणे, "दगडफूल काय मोजायचंय? चांगलं असेल तर कमी, जुनं असेल तर जास्त."

आण्याचा प्रश्नही सुटला म्हणजे सुटला असं धरलं. दोन आण्याची पुडी केवढी असायची ते आत्याने कागद दुमडून दाखवलं. नवे पैसे आले १९५७ ला तेव्हा ती पाचवी-सहावीत, त्याआधी पुड्या आणायला तिलाच पाठवायचे. त्या कागदात नाकेशर भरलं, ६ ग्रॅम. जायपत्री ३. हे काही पुराव्याने शाबीत नाही, पण माझ्या प्रश्नचिन्हापेक्षा आत्याची पुडी बरी. मी मार्चमध्ये नाकेशर अंदाजाने ३ च घातलं होतं, आणि दगडफूल ५. वास मागून येत होता तो यामुळेच असणार.

आईने स्वयंपाकघरातून ऐकत ऐकत आवाज दिला की खोबरं वाढवा, सासूबाई हात आखडता घ्यायच्या. आत्याने ऐकू न आल्यासारखं केलं. खरंच आलं नसेल.

४ मे

दादाचा व्हिडिओ कॉल. मी घाईने त्याला शीट पाठवली होती आणि त्यात एक ओळ ग्रॅममध्ये करायची राहून गेली: खोबरं २ वाट्या. आता आपल्याकडे खोबऱ्याची वाटी म्हणजे सुक्या नारळाचं अर्धं, हे वेगळं सांगावं लागतं का? लागतं. त्याने दोन कप, तिकडचा कप २४० मिलीचा, खोबऱ्याचा किस घातला, आणि तोही केकवर घालतात तो साखर लावलेला, कारण घरात तोच होता. मसाला करपला, चिकट झाला, आणि वहिनी म्हणाली गोडा मसाला एकदाचा खरोखर गोड झाला.

गोडा म्हणजे साखरेचा नव्हे, तिखटाचा नसलेला, एवढं तरी शीटच्या वर लिहायला पाहिजे. काही घरांत यालाच काळा मसाला म्हणतात, ते जास्त सोयीचं, निदान कुणी साखर घालणार नाही. माझ्याकडच्या खोबऱ्याच्या दोन वाट्या १५० ग्रॅम भरल्या, तेच धरलं. शीटमध्ये आता "वाटी" हा शब्द कुठेही नाही.

१८ मे

मोठा घाणा, दुप्पट मापाने, घरचा, आईचा, आत्याचा, आणि दादाचे सासरे जूनमध्ये तिकडे जाणार आहेत त्यांच्याबरोबरचा. काल गच्चीत उन्हाला धने, तमालपत्र, दगडफूल पसरलं होतं, दुपारी आभाळ भरून आलं आणि मी जिन्याने धावत. थोडं भिजलंच.

वैशाखात मसाले करतात ते उन्हासाठी. आजीच्या घरी या दिवसांत अंगणात चटया, आणि आम्हा पोरांचं काम कावळे-चिमण्या हाकलायचं. मुसळाचा आवाज सुरू झाला की आम्हाला बाहेर पिटाळायचे, ठसका लागतो म्हणून. आम्ही दाराच्या फटीतून बघायचो आणि ठसका लागून घ्यायचोच.

२१ मे

पुण्यात ऐन मे महिन्यात धो धो पाऊस. वाळवण सगळं घरात, पंख्याखाली, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. शेवटी ओव्हनमध्ये ६० अंशावर दार किंचित उघडं ठेवून धने दीड तास, बाकीचं कमी. चालतं. उन्हाचा कुरकुरीतपणा येत नाही पण ओलं भाजण्यापेक्षा शंभरपट बरं, ओलसर धने कढईत वाफाळतात आणि मसाल्याला नंतर बुरशी धरते.

कांडपाला दिलं नाही. दुकान चांगलं आहे पण आधीच्या गिऱ्हाइकाचं तिखट डंक्यात राहतं, आणि गोड्या मसाल्यात ते लगेच कळतं. मिक्सरवरच केलं, चार बैठकांत.

२७ मे

मान्सून काल मुंबईत येऊनसुद्धा पोचला. वर्षाचा मसाला पावसाच्या आधी बरणीत जावा म्हणतात, यंदा पावसाने आपणच तारीख अलीकडे घेतली.

आज पडताळणी. तीन आमट्या, एकच तूरडाळ, तोच चिंच-गूळ, फक्त मसाला वेगळा: मार्चचा, आताचा आणि आईचा नेहमीचा. वाट्यांखाली चिठ्ठ्या. आत्याने आताचा ओळखला आणि "आईची" एवढंच म्हणून भात मागितला. नवऱ्याने आणि लेकाने दोघांनी आईचा नेहमीचा पहिला लावला. आईने काही बोलून दाखवलं नाही पण रात्री भांडी घासताना गाणं म्हणत होती.

तर शीटमध्ये दोन कॉलम केले. आजीचा: धने ३४५, खोबरं १५०, तीळ ८०, जिरे ५८, दालचिनी २३, लवंग, मिरे, शहाजिरे, खसखस प्रत्येकी १२, दगडफूल १० चांगलं असेल तर, तमालपत्र ८, नाकेशर ६, जायपत्री ३, हिंग ६, हळकुंडं तीन म्हणजे माझ्याकडची २० ग्रॅम. साधारण पाऊण किलो होतो. आईचा: तेच, खोबरं २२०, तीळ १२०, लवंग ८. एक वाटी, चुकले, १५० मिली तूरडाळीच्या आमटीला सपाट दीड टीस्पून. खोबरं जास्त म्हणजे खवट लवकर होणार, तो फ्रिजमध्ये ठेवायचा. बरणीत वर एक हिंगाचा खडा.

८ जून

दादाचे सासरे गेले, मसाला गेला. तीन पुड्या एकात एक, तरी म्हणे बॅगेतल्या सगळ्या कपड्यांना वास. वहिनीचा फोटो आला, भाताचं आळं केलंय, फुटलंय.

वहीचं पुढचं पान मेतकूट. "हरभरा डाळ १ शेर, उडीद डाळ १ पावशेर, तांदूळ १ चिपटे, गहू १ कोळवे..." या वेळी शहाणी झालेय, काट्याला हात लावायच्या आधी आत्याला फोन केला. तांदूळ-गहू मापाचे ते दिसतंच आहे. हरभरा? घरचा, मापाने. उडीद? बराच वेळ पलीकडे शांतता.

"उडीद एक वर्ष लावला होता वरच्या तुकड्यात," आत्या म्हणाली. "वही त्याच्या आधीची का नंतरची, थांब, आठवू दे."